बाहेरची भिंत



यंदा सीझन संपल्यावर मी घराची बाहेरची भिंत लिंपली आणि तिला चुना मारला. गोष्ट एवढीच आहे. मोर्चा नाही, धरणं नाही, परिषद नाही. २४ फूट लांब आणि ९ फूट उंच मातीची भिंत. तिच्यावर काय लिहायचं, असं तुमच्यातला एखादा म्हणेल. माझ्यासोबत जिनात काम करणारा एक कार्यकर्ता मित्र तर तोंडावरच म्हणाला, "काय रे कवी, घराले चुना मारून क्रांती होते काय?" नाही होत. हे मलाही माहीत आहे. पण ही भिंत पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ उघडी होती. ती का उघडी राहिली, हे विचारत गेलो तेव्हा जे कळलं ते मला कुठल्या शिबिरात कळलं नव्हतं. म्हणून लिहितो.

आमचं घर वडनेर भोलजीला. तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा. नांदुरा आणि मलकापूरच्या मधात हायवेवरचं गाव. ज्या रस्त्याला आधी राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणत आणि आता ५३ म्हणतात तो हा रस्ता. याच रस्त्याच्या अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तासांत डांबरून जागतिक विक्रम झाला. आमची २४ फुटांची भिंत दोन पिढ्यांत पुरी झाली नव्हती. विक्रम म्हणायचा तर तोही लिहून घ्या.

मी दहावीपर्यंत शिकलो. मग जिनात लागलो. दिवाळीच्या आसपास सीझन सुरू होतो, ऊन तापायला लागलं की संपतो. कापूस येतो, सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, रुई दाबून गाठ बांधतात. एक गाठ १७० किलोची. सीझनभर पांढरं हातातून जातं. नाकात जातं, कानात जातं, भाकरीच्या डब्यात जातं. रात्री खोकलो तर पांढरं निघतं. एवढं पांढरं हाताळायचं आणि संध्याकाळी मातकट भिंतीच्या घरात शिरायचं. ही गोष्ट मी कवितेत बसवून पाहिली. बसली नाही. म्हटलं, जाऊ दे, भिंतच पाहू.

घर माझ्या आबाजीनं बांधलं. १९७२ च्या दुष्काळात आबाजी आणि आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. दुष्काळ सरल्यावर, १९७४ साली, त्यांनी हे घर उभं केलं. खाली दीड हात दगड, मातीत रचलेले. वर कच्च्या विटा. त्याच्यावर धाबं. बाभळीची आणि कडुनिंबाची लाकडं, लाकडांवर काड्या, काड्यांवर माती आणि सगळ्यांत वर खारी माती. ही खारी माती पावसात चिकट होते आणि पाणी खाली उतरू देत नाही. दर उन्हाळ्यात ती नव्यानं टाकावी लागते. समोर ओटा, ओट्यावर दरवाजा, दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना दिव्याचे दोन कोनाडे.

आमच्या इकडची जमीन पूर्णेच्या खोऱ्यातली, काळी. कापसाला चांगली, भिंतीला वाईट. पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून भिंतीला पांढरी माती पाहिजे. गावच्या भाषेत शेत म्हणजे काळी आणि वस्तीची जागा म्हणजे पांढरी. पिढ्यान् पिढ्या घरं पडून, राख पडून, शेणमूत मुरून जी माती तयार होते ती पांढरी. म्हणजे भिंतीची माती ही आधी कुणाच्या तरी घराची माती असते. गावगाड्यानं आम्हाला काळीतही वाटा दिला नाही आणि पांढरीच्या आतही घेतलं नाही. तरीसुद्धा आमच्या माणसांनी जागा धरली, माती तुडवली आणि घरं उभी केली. आबाजीचं घर त्यातलंच एक.

लहानपणापासून मला एक कोडं होतं. घर आतून पांढरं आणि बाहेरून उघडं. आतल्या भिंती गुळगुळीत, दर वर्षी चुना मारलेल्या. फळीवर भांडी रांगेत, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, फोटोखाली झिजलेली पण स्वच्छ पेटी. आणि बाहेर आलं की भिंतीच्या विटांची सांध दिसते, पावसानं धुतलेली, खळगे पडलेली. बाप दर उन्हाळ्यात खळगे तेवढे बुजवायचा. मला वाटायचं, गरिबी. पण गरिबी असती तर आतही उघडंच राहिलं असतं. चुना तर सगळ्यांत स्वस्त. आतल्या चार भिंतींना पुरतो तो बाहेरच्या एका भिंतीला का पुरत नाही?

एका संध्याकाळी आजीला विचारलं. आजी आता पंच्याहत्तरीच्या पुढं. ती म्हणाली, "चुना आणला होता तुह्या आबानं. बाहेरच्याच भितीसाठी आणला होता. भिजू घातला होता. मंग मराठवाड्याची बातमी आली."

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. आणि मराठवाड्यात गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या. घरं जाळली, माणसं मारली, लोक गावं सोडून पळाले. पुढं सोळा वर्षं झगडा चालला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. हे तुम्हाला पाठ आहे. पण मराठवाडा आमच्यापासून लांब नाही. घाट चढून बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा ओलांडलं की जालना. आजीची बहीण तिकडं दिलेली.

आजी म्हणाली, "बहिणीकडचा माणूस आला. म्हने, जे घर लिंपलेलं, रंगवलेलं, डोयात भरनारं, ते पह्यले पेटवलं. तुहा आबा रातभर काई बोलला नाई. सकाउन उठला अन् सारा चुना आतल्या भितीले मारला. म्या म्हटलं, अन् बाहीर? तं म्हने, आपल्याले आपलं घर दिसलं म्हंजे झालं."

हे ऐकून मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो.

एक गोष्ट नीट सांगतो. आमच्या गावात आबाजीला कुणी अडवलं नव्हतं. कुणी दम दिला नव्हता, दारात येऊन कुणी काठी आपटली नव्हती. त्याची गरजच पडली नाही. बातमी घाट उतरून आली आणि काम झालं. आपण अत्याचाराची मोजदाद करतो तेव्हा जळालेली घरं मोजतो. मोजलीच पाहिजेत. पण शंभर कोसांवरचं घर जळालं म्हणून इथं जे लिंपलंच गेलं नाही, ते घर कोण मोजणार? त्याचा पंचनामा होत नाही. त्याची भरपाई नाही. तो माणूस मेला तरी त्यानं काय गिळलं हे घरच्या पोरालाही कळत नाही. २००६ मध्ये खैरलांजी झाली, तेव्हा बापानं आबाजीचा निर्णय मनातल्या मनात पुन्हा मंजूर केला असणार. त्याही उन्हाळ्यात खळगेच बुजले.

आता याच्यामागचं मूळ पाहा. बाबासाहेबांनी गावगाड्याच्या नियमांची यादी लिहून ठेवली आहे. अस्पृश्यानं काय केलं की गुन्हा होतो त्याची यादी. स्वच्छ कपडे घालणं गुन्हा, दागिना घालणं गुन्हा, जमीन-जनावर राखणं गुन्हा. त्याच यादीत कौलारू छपराचं घर बांधणंही आहे. म्हणजे घराच्या आत तुम्ही काय खाता यापेक्षा घर बाहेरून कसं दिसतं याच्यावर व्यवस्थेचा डोळा जास्त. कारण बाहेरची बाजू रस्त्यावरून दिसते. तिथं बरोबरी दिसते. अंगावरच्या कापडाचा जो कायदा तोच घराच्या भिंतीचा.

आणि याला बाबासाहेबांनी उत्तरही दिलेलं आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परिषद भरली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच परिषदेत बाबासाहेब आयाबहिणींशी बोलले. तुमच्या लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि अंगावरच्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ही खूण टाकून द्या, नीटनेटक्या राहा, असं त्यांनी सांगितलं. मला वाटतं, जी गोष्ट लुगड्याची तीच ओट्याची आणि भिंतीची. उघडी, खळग्यांची भिंत हीही एक खूणच. ती आपण अंगावर घेऊन जगतो आणि तिला गरिबी म्हणतो.

मी बापाला म्हटलं, यंदा बाहेरून लिंपू. बाप म्हणाला, "कायले? आतून चांगलं हाय ना घर. रायतो आपण आतमधी."

मी म्हटलं, रस्त्यानं जाणाऱ्यालाही कळू दे की इथं माणसं राहतात.

"कळल्यावर काय होते ते तुले माईत नाई," बाप म्हणाला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरं कारण आणलं. "घरकुलाच्या यादीत नाव येऊ दे पह्यले. भित पांढरी दिसली तं सायेब पक्कं घर लिहीन. मंग बस चुना चाटत."

हसू नका. हे कारण खोटं नाही. आमच्या गल्लीत पुष्कळांच्या मनात ते आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे, सगळ्यांसाठी २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आहे. सर्वेक्षणात जुन्या घराचा फोटो मोबाईलवर काढतात. त्या फोटोत घरानं गरीब दिसलं पाहिजे, असा लोकांनी अर्थ घेतला आहे. म्हणून कुणी ओटा बांधत नाही, कुणी भिंत लिंपत नाही. वर्षावर वर्षं जातात. पूर्वीचा हुकूम होता, घर चांगलं दिसायला नको, आमची बरोबरी होते. आताची समजूत आहे, घर चांगलं दिसायला नको, मदत बुडते. दोन्ही सारखे नाहीत, हे मला कळतं. घरकुल ही भीक नाही, हक्क आहे, आणि तो सोडायचा नाही. पण दोन्ही वेळेला आपल्या घराचा चेहरा दुसऱ्याच्या डोळ्यासाठीच ठेवायचा, हे मला पटेना.

मग मी कागद पाहिले. सर्वेक्षणात विचारतात ते भिंत कशाची, छप्पर कशाचं, खोल्या किती. भिंतीचा रंग कागदात नाही. कच्ची वीट चुन्याखालीही कच्चीच राहते. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढून आणला. त्यातही घराचं बांधकाम कशाचं आहे ते लिहिलेलं आहे, मातीचं. बापाला वाचून दाखवलं. शिवाय दुसरा हिशेब मांडला. आपलं घर २४ फूट बाय १८ फूट, म्हणजे ४३२ चौरस फूट. घरकुलाचं क्षेत्र २६९ चौरस फूट. उद्या नाव आलं तर पदरचा पैसा घालून ते वाढवू. पण ते येईपर्यंत चांगल्या ४३२ फुटांनी भिकारी तोंड करून का उभं राहायचं? बाप काही बोलला नाही. पण यावेळी उठून गेला नाही.

आणखी एक गोष्ट मला टोचत होती. उघडी भिंत रिकामी राहत नाही. कुणीतरी तिच्यावर लिहून जातं. निवडणूक आली की रंगवाले येतात, कुणाला न विचारता चिन्ह काढून जातात. एकदा एका सिमेंट कंपनीची जाहिरात आमच्या भिंतीवर होती. कच्च्या विटांच्या भिंतीवर सिमेंटच्या मजबुतीचं वाक्य, दोन पावसाळे. लिंपलेल्या, जपलेल्या भिंतीवर लिहिताना माणूस आधी मालकाला हाक मारतो. आमच्या भिंतीला मालकच नाही असं सगळ्यांना वाटत होतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. पण पाटी सरकार बदलू शकतं. पाटीमागची भिंत आपल्यालाच बघावी लागते.

आता काम कसं केलं ते सांगतो, कारण तुमच्यातल्या पुष्कळांच्या गावी अशीच घरं आहेत.

एक गवंडी म्हणाला, बाहेरून सिमेंटचा गिलावा करू, वर टाईल्स लावू, एकदम शहरातल्यासारखं दिसेल. मी आधी त्याला भिंतीचा पाया दाखवला. तीन वर्षांपूर्वी बापानं एकाकडून खाली दोन फुटांचा सिमेंटचा पट्टा करून घेतला होता. ओल त्या पट्ट्याच्या मागं अडकली आणि वर चढली. पट्ट्याच्या वर लोणा फुटला, पांढरी बुरशी असावी तसा. पुढं सिमेंटचा पोपडा निघाला तो आपल्याबरोबर भिंतीची चार बोटं माती घेऊन. मातीची भिंत पावसाळ्यात दमट होते, उन्हाळ्यात सुकते, तिला तेवढी मोकळीक लागते. सिमेंट तिला कोंडून मारतं. जुन्या इमारती दुरुस्त करणारे लोकही हेच सांगतात. मातीला माती आणि चुनाच पाहिजे.

तुम्हाला ही मागासलेली गोष्ट वाटत असेल तर अजिंठा आठवा. लेण्यांतली चित्रं उघड्या दगडावर नाहीत. दगडावर मातीचा गिलावा आहे, त्या मातीत भुसा आणि झाडपाल्याचे तंतू कालवलेले आहेत आणि त्याच्यावर चुन्याचा पातळ हात आहे. त्याच्यावर बुद्ध रंगवला. दीड हजार वर्षांच्या पुढं झाली. माझ्या आजीच्या हातात जी विद्या आहे ती तिथल्या भिंतीवरही आहे. आजीला कुणी कलावंत म्हणत नाही, एवढाच फरक.

पहिलं काम पाण्याचं. भिंत रंगानं टिकत नाही, पाणी लांब ठेवल्यानं टिकते. धाब्याची पन्हाळ आखूड होती, तिचं पाणी ओट्यावर पडून भिंतीवर उडायचं. तिला पाईप जोडून धार ओट्याच्या पलीकडं नेली. ओट्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला. मग सिमेंटचा पट्टा छिन्नीनं हळूहळू काढला. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून गोळा केला आणि लांब नेऊन टाकला. त्याला पाण्यानं धुवायचं नाही. धुतलं की मीठ परत भिंतीत जातं.

मग माती. पांढरी माती चाळून, तिच्यात कुटार आणि शेण घालून, पाणी मारून आठ दिवस कुजू दिली. रोज संध्याकाळी तुडवायची. आंबट वास सुटला आणि माती लोण्यासारखी ओढायला लागली की ती तयार. माय आणि आजीनं हात दाखवला, मी आणि धाकट्या भावानं लिंपलं. लिंपण एकदम जाड मारायचं नाही, दोन हातांत मारायचं. भेगा पडल्या त्या दुसऱ्या हातात बुजल्या.

मग चुना. कळीचा चुना लोखंडी ड्रममध्ये विरवला. इथं लक्ष द्या. आधी पाणी, मग पाण्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतो, डोळा जातो. मी डोळ्याला चष्मा लावला आणि तोंडाला जिनात बांधतो तोच रुमाल बांधला. आठ-दहा दिवस चुना तसाच मुरू दिला, फडक्यातून गाळला, थोडा डिंक घातला आणि चिमूटभर नीळ. भिंत ओली करून पातळ हात मारायचे, एक वाळला की दुसरा. दुपारच्या उन्हात मारायचा नाही, लवकर सुकला तर भुकटी होऊन हाताला लागतो. सकाळी आणि सांजेला मारला. ओला असताना चुना काहीच दिसत नाही. वाटतं, पाणीच मारलं. वाळत जातो तसा पांढरा होत जातो. चुना हवा ओढून घेतो आणि भिंतीवर हळूहळू परत दगड होतो. हे मी वाचलं होतं, आता डोळ्यानं पाहिलं.

रंगावरून वाद झाला. भाऊ म्हणाला, पूर्ण निळी करू. मित्रही म्हणाले. मला निळा प्रिय आहे, तो काही कुणाकडून उसना आणलेला नाही. पण चुना गडद रंग धरत नाही, गडद निळा पाहिजे तर वरून ऑइलपेंट मारावा लागतो, आणि तो मातीला सिमेंटसारखाच कोंडतो. शेवटी आजी म्हणाली, "पांढरंच मारा. त्यानं पांढराच आणला होता." तिथं वाद संपला. भिंत पांढरी, चौकट आणि दरवाजा निळा. कोनाडे भावानं आतून निळीच्या चुन्यानं रंगवले. दरवाज्यावर पाटी लावली, तिच्यावर आबाजीचं आणि आजीचं, दोघांचं नाव. खडी दोघांनी फोडली होती.

तिसऱ्या हाताच्या वेळी बाप कामावरून आला. बराच वेळ खाली उभा राहून पाहत होता. मग म्हणाला, "वरचा कोपरा राह्यला," आणि माझ्या हातातला कुंचा घेऊन शिडीवर चढला. उतरल्यावर रस्त्यापर्यंत गेला, मागं वळून पाहिलं. "दिसते आता," म्हणाला. "लांबून दिसते." त्या बोलण्यात अभिमान किती आणि भीती किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

बापाची भीती मी खोटी म्हणत नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात राजगृह बांधलं. पुस्तकांसाठी बांधलं आणि प्राचीन मगधाच्या राजधानीचं नाव दिलं. ७ जुलै २०२० ला त्या घराच्या कुंड्या फोडल्या, खिडक्यांवर दगड मारले. घराच्या बाहेरच्या अंगावरच हात टाकला. लंडनला किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर आहे, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथं राहिले. त्याच्या दर्शनी भिंतीवर त्यांच्या नावाची निळी गोल पाटी आहे. २०१५ मध्ये ते घर महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. तिथं संग्रहालय चालवायला स्थानिक कौन्सिलनं परवानगी नाकारली, शेजाऱ्यांनी गर्दीची आणि आवाजाची तक्रार केली होती. मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. दादर असो की लंडन, आपलं घर दिसायला लागलं की कुणाच्या तरी डोळ्यात जातं. पण म्हणून राजगृहाची भिंत कुणी उघडी ठेवली नाही. कुंड्या पुन्हा लावायच्या असतात.

दुसरी बाजूही बोललं पाहिजे. आपल्यातले काही शहरात नोकरीला लागले, त्यांनी गावी घरं बांधली. समोर चार जाड खांब, वर सिंह, चकचकीत टाईल्स. आत झोपायला जागा नाही आणि बाहेर गढीची नक्कल. ज्या गढीपुढं आपल्या बापजाद्यांनी जोहार घातला तिचाच चेहरा आपल्या घराला लावायचा, हे मला भीतीचंच दुसरं रूप वाटतं. उघडी भिंत दुसऱ्याच्या धाकानं ठेवलेली, आणि ही दुसऱ्याच्या कौतुकासाठी. दोन्हीत घर आपलं नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. तुमच्या गावचं जुनं घर पाडण्याआधी किंवा रंगवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ही भिंत अशी का राहिली. "पैसे नव्हते" हे पहिलं उत्तर येईल. तिथं थांबू नका. कुठल्या साली, कुठल्या बातमीनं, कोण काय म्हणालं, ते विचारा आणि वहीत लिहा. आपल्या चळवळीचा इतिहास सभांच्या ठरावांत आहे तसा न लिंपलेल्या भिंतींतही आहे, आणि तो सांगणारी माणसं पंच्याहत्तरीच्या पुढं गेली आहेत. ते लिहून झालं की भिंतीचं पाणी बघा, माती बघा, मग हात लावा.

आमच्या गल्लीत अजून अकरा घरं बाहेरून उघडी आहेत. चुन्याचा ड्रम, कुंचा आणि शिडी माझ्याकडं आहे. पुढच्या उन्हाळ्यात सीझन संपला की मी मोकळा. ज्याला पाहिजे त्यानं हाक मारावी, माती तुडवायला येतो. रंग कुठला मारायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं.